आईची वीत आन् माझी वीत

मंडळी, आज एका लोखंडी चुलीनं माझी पार जिरवली!

आमच्या स्वयंपाकघरात धुराड्याखाली कोनाडा हाय. तिथली मातीची चूल ढासळली, म्हणून त्यातच बसंल अशी लोखंडी चूल घ्यायची ठरली. सकाळी रात्रपाळी करून येताना शिक्रापूरच्या दुकानातनं आईला फोन केला. "कोनाडा केवढा हाय गं?"

"तीन वीत."

मी चुलीवर वीत टाकली, बरोबर तीन भरली. गाडीला बांधून घरी आणली, तर कोनाड्यात शिरंना!

आई हसून हसून खाली बसली. "आरं, तुझी वीत केवढी, माझी केवढी!"

मग आईला गाडीवर मागं बसवून परत दुकान गाठलं. दुकानदारानं टेप पुढं केला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माप मी घरनंच आणलंय," आन् हात पसरून एकेका चुलीवर वीत टाकत गेली. शेवटी एक पसंत पडली, पहिली बदलून मिळाली.

आत्ता ती कोनाड्यात चपखल बसलीय. धूर सरळ वर जातोय आन् पहिली भाकरी टम्म फुगलीय.

आमचं घर आईच्या हाताच्या मापाचं हाय, हे आज कळलं. तुमचं कुणाच्या?