पडद्यावर उतरलेली खाडी

ब्रश कागदावरून उचलला की सर खुर्चीला टेकायचे आणि म्हणायचे, “आपलं काम झालं. आता पाणी बघून घेईल.” मग पाच-दहा मिनिटं खरंच काही करायचे नाहीत. ओल्या कागदावर निळा हिरव्यात शिरत असायचा, आणि सर नुसते बघत बसायचे. कामातून मिळालेली तेवढीच सुट्टी.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. धामणकर नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा डिझाइन स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि एक कॉम्प्युटर. खालच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालायचे, त्यामुळे सरांच्या ग्लासातलं पाणी दिवसभर बारीक थरथरत असायचं. कापडावर छापायची फुलं-पानं सर हाताने रंगवायचे. मी जवळच्या, खाडीकाठच्या काल्हेर गावची, कोर्स करून नुकतीच कामाला लागलेली. सरांचा कागद स्कॅन करायचा, त्याचा रिपीट लावायचा, म्हणजे एकाला एक चित्र असं जोडायचं की शंभर मीटर कापडावर सांधा दिसू नये, आणि छपाईला पाठवायचं, एवढं माझं काम.

सरांच्या टेबलावर दोन सारखे ग्लास असत. एकात चहा, दुसऱ्यात ब्रश धुवायचं पाणी. आठवड्यातून एकदा तरी ब्रश चहात जायचा. “आज चहा जरा निळा लागतोय,” असं म्हणून ते तो पिऊन टाकायचे. दुसरा मागवला तर तो येईपर्यंत थांबावं लागेल, आणि तेवढ्यात कागद वाळेल, हे त्यांचं कारण.

तीस वर्षं या माणसाने गुलाब काढले होते. पक्क्या कडांचे, ठसठशीत, एका रंगाला दुसरा शिवणार नाही असे. बाजाराला तेच हवे असत. सरांना ते आवडत नसत, पण तसं त्यांनी कधी म्हटलं नाही. संध्याकाळी ब्रश पुसताना एवढंच म्हणायचे, “झाले आजचे गुलाब.” तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम चोख करतात, आणि कामाकडे बघत मात्र नाहीत.

मग फॅशन पालटली. मुंबईहून व्यापारी यायचे ते अंगावर पाणी सांडल्यासारख्या ओढण्या, कुर्ते, चादरी घेऊन. कडाच नाहीत, सगळे रंग एकमेकांत फुटलेले. नव्या फ्लॅटमधल्या लोकांना पडदेसुद्धा तसेच हवे होते. स्टुडिओचे मालक शेठ सरांना म्हणाले, “सर, अब ये पानीवाला चाहिए. हाताने काढल्यासारखं.”

“तीस वर्षं हातानेच काढतोय,” सर म्हणाले.

पाणी कसं फुटतं ते मला कळावं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक चित्र आणलं. खाडी. पहाटेचं धुकं, तिवरांची काळपट हिरवी रांग, ओल्या चिखलावर पडलेला उजेड आणि मधोमध एक होडी. मी बघतच राहिले. आमच्या घरामागे ही खाडी होती, पण मी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“हे विकायचं नाही हं,” सर म्हणाले. “घरचं आहे.”

हळूहळू कळलं ते असं. सरांच्या बायकोला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली होती. त्या कायम पलंगावर. समोरच्या खिडकीतून लूमच्या कारखान्याची पत्र्याची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. बाईंचं माहेर खाडीकाठचं. म्हणून सर रविवारी सकाळी काल्हेरच्या बाजूला जाऊन खाडी रंगवायचे, उरलेलं काम घरी खिडकीपाशी बसून संपवायचे आणि ते चित्र खिडकीशेजारी लावायचे. जुनं काढायचं, नवं लावायचं.

चित्र परत देण्याआधी मी ते स्कॅन करून ठेवलं. शिकायला म्हणून. सरांना सांगायचं राहून गेलं.

पंधरा दिवसांनी शेठ माझ्या मागे उभे होते आणि ते चित्र स्क्रीनवर उघडं होतं. “अरे, यही तो चाहिए!”

“ते सरांचं घरचं आहे,” मी म्हणाले.

“सर अपने ही हैं ना? रिपीट लाव. पडद्यासाठी.”

मी लावला. सर त्या आठवड्यात बायकोच्या दुखण्यामुळे रजेवर होते, हेसुद्धा मला सोयीचं वाटलं.

पुढच्या महिन्यात रंग जुळवायला सर आणि मी छपाईच्या कारखान्यात गेलो. लांब टेबलावर कापड पसरलं होतं. खाडी, होडी, खाडी, होडी, पार भिंतीपर्यंत. छपाईवाला कौतुकाने म्हणाला, “सर, आपका माल है ना? एकदम ठंडा लगता है आँख को.”

सर वाकले. बोटाने कापडावरून एक रेघ ओढत गेले. मग मला विचारलं, “रिपीट तू लावलास?”

“हो.”

“सांधा छान लपवलास. कुठे दिसत नाही.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले आणि पानं रंगवायला बसले.

तो पडदा तुफान चालला. आमच्या आईनेही नाक्यावरून आणला. काल्हेरची आमची जमीन गोडाऊनला गेली होती, मागे गाळे उभे राहून खाडी दिसेनाशी झाली होती. आईने नव्या घरात पडदा लावला, मागे सरून पाहिला आणि म्हणाली, “ही आपलीच खाडी हाय न्हाय गं?”

त्या रविवारी मी पडद्याचा एक तुकडा घेऊन सरांच्या घरी गेले. का नेला, मला नीट सांगता येणार नाही. चोरलेली वस्तू परत करावी, तसं काहीतरी. सर बायकोला पेज भरवत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” सर म्हणाले. “चित्र फक्त तुझ्याकडे दिलं होतं.”

“मी शेठना नाही म्हणायला हवं होतं.”

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. “मी तीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

बाईंनी डावा हात पुढे केला. मी कापड त्यांच्या मांडीवर पसरलं. त्यांनी एकेका होडीवर बोट ठेवलं. बोलणं जड झालेलं, एकेक अक्षर ओढून त्या म्हणाल्या, “होड्या... लय झाल्या.” मग थोड्या वेळाने, “भावाची एकच होती.”

सर हसले. इतके, की डोळे पुसावे लागले. “ऐकलंस? बाजारातून पहिली तक्रार आली.” मीही हसले आणि मग रडले. त्यांनी मला रडू दिलं. पेज गार होत होती, ती पुन्हा गरम करून त्यांनी बायकोला भरवली.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. तोवर कॉम्प्युटरमध्येच पाण्याचे ब्रश आले होते. माऊस फिरवला की रंग आपोआप फुटायचा, वाळायची वाट बघावी लागायची नाही. शेठनी सरांना जा म्हटलं नाही, फक्त काम देणं बंद केलं. दोन महिने सर रोज येऊन कोऱ्या कागदासमोर बसले. एका सोमवारी आले नाहीत.

मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा तिथे लूमचे कामगार राहायला आले होते. रात्रपाळी करून आलेले चौघं जमिनीवर झोपले होते. सर कुठे गेले, कुणाला माहीत नव्हतं. दारातल्या माणसाने मला आत बोलावून खिडकीखालची भिंत दाखवली. ब्रश झटकून झटकून तिथे निळ्या-हिरव्या ठिपक्यांचा दाट पट्टा उठला होता.

“मॅडम, दो बार चूना मारा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “गीला होते ही फिर ऊपर आ जाता है.”