एक नंबर मोठं भोक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, दर्ग्याच्या पायरीवर बसूनही नाही – तिथे तर माणसं काय काय बोलून मोकळी होतात. आज तुम्हाला सांगतोय. का, ते माझं मलाही धड कळत नाही.

मंगरूळपीरला माझं पत्राकामाचं दुकान होतं. बादल्या, कोठ्या, आणि भाजीवाल्या माळ्यांसाठी लोखंडी मोटा. हाताने दाबायचा पंच तेव्हा अख्ख्या बाजारात माझ्याकडेच. बाकीचे सुंबा धरून हातोड्याने भोकं पाडायचे. कडा फाटक्या निघायच्या. माझं भोक गोल, साफ. काय मिजास होती मला त्याची! गिऱ्हाइकांना ऐकवायचो – रिवेट जेवढी जाड, पंचाचं टोक तेवढंच घ्यावं. सैल भोकातली रिवेट आज ना उद्या निसटणारच. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

गणपत माळ्याची मोट करताना नेमकं ते बारीक टोक मोडलं. इतकी जाड पट्टी हातपंचात घालायचीच नसते, मी घातली. लढाईचे दिवस, नवं टोक अकोल्याला मिळालं असतं की नाही – मी चौकशीही केली नाही. योग्य मापाचा सुंबा हाताशी होता. पण गणपत समोर तंबाखू मळत बसलेला. साफ भोकासाठीच तो माझ्याकडे आलेला. त्याच्यासमोर सुंबा घेऊ? मी? गुपचूप एक नंबर मोठं टोक लावलं, रिवेटीचं डोकं ठोकून पसरवलं, वरून डांबर फासलं. दिसायला झकास झालं.

आणि त्या रिवेटी कुठल्या – तर नाडा, म्हणजे बैल ओढतात तो दोर, बांधायच्या कडीच्या. मोटेचा सगळा भार त्यांच्यावर.

पंधरा दिवस मोट चालली. मग एका सकाळी भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी आली आणि कडी निसटली. ओढ एकाएकी संपली, उतारावरचे बैल तोंडघशी पडले. पवळ्या बैलाची मान मोडली. हाकत होता गणपतचा धाकटा भाऊ, किसन.

मला बोलावणं आलं. कडी उचलून पाहिली – भोकं शाबूत, रिवेटी आरपार निघालेल्या. माझ्याशिवाय ते कळणार कुणाला?

"मिस्त्री, तुमीच सांगा," गणपत म्हणाला, "काम पक्कं होतं नं?"

"पक्कंच होतं. यानं बैल लय जोरानं हाकलले असतीन."

किसन माझ्याकडे बघत राहिला. माझं बोलणं त्याला खरं वाटायला लागलं होतं – ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. कडी दुरुस्तीला म्हणून घेऊन आलो. भट्टीत टाकली.

ज्याच्या हातून बैल मरतो, त्याने मेलेल्या जनावराचं दावं गळ्यात घालून दारोदार भीक मागायची, ही तेव्हाची रीत. बोलायचं नाही, नुसतं हंबरायचं. जातीतल्या थोरांनी किसनला सव्वा महिना नेमून दिला. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. पार धनज गावापर्यंत फिरला म्हणे.

एका दुपारी तो माझ्या दारी आला. पाय फुटलेले, दाव्याने मान सोललेली. मनात म्हटलं, आता तरी बोल – आता नाही तर कधी? तो हंबरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हंबरत होता. मी आत जाऊन सूपभर ज्वारी आणली, त्याच्या झोळीत ओतली. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.

त्याला बोलायची बंदी होती. मला कुठे होती?

पुढे तीस वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो. गेल्या साली किसन गेला – पवळ्याला आपणच मारलं, असं मानून गेला.