चांगुणाची चुंबळ

लिही गं सीमे, माझ्या थोरल्या जावंचं लिही. चांगुणाचं. लोक म्हनत्यात तिनं माळ राखला. मी म्हनते तिच्या चुंबळीनं राखला.

आमी दोघी वरवंडच्या अलीकडं, आपल्या गायरानात गवत कापायचो. डोक्यावर भारा, भाऱ्याखाली चुंबळ. जुन्या लुगड्याची, पिळून गोल केल्याली, मधी भोक. मग कवातरी झाडं लावायचं काम निघालं. अर्ध्या माळात खड्डं आमीच घेतलं, गिरिपुष्पाची, त्या परदेशी जातीची, झाडं बी आमीच लावली. फोटो काढला, त्यो चांगुणाच्या भिंतीवर अजून हाय. झाडं वाढली आन् खालचं गवत गेलं. आमची शेरडं जाऊन हुंगायची आन् माघारी यायची. चांगुणा मला म्हनली, "धाकटे, आपल्याच हातानं मारला गं माळ."

पुढं ती शाळंत खिचडी शिजवाया लागली. गेल्या साली सरपंच इंद्रजीतआबांनी एका कंपनीकडनं पाचशे रोपं आनली. उरल्याल्या माळात दोन ऑक्टोबरला लावायची. बारा खड्डं घेऊन बी झालं. चांगुणाला एकच घोर. एवढा बी गेला तर माळ म्हनून काय ऱ्हानार?

गुरुजींना इचारून तिनं पोरं माळावर नेली. चुंबळ हातात दिली. "फेका. जितं पडंल तितं आत काय हाय ते मोजा."

आधी झाडांखाली फेकली. आत काय, तर वाळका पाला आन् गुटख्याची पुडी. मग मोकळ्या माळावर. पोरं पालथी पडून मोजाया लागली. पवन्या, मारवेल, कुसळी, निळं फूल, मुंग्यांचं वारूळ. "मावशी, नऊ परकार!"

मग घरोघर चुंबळी झाल्या. पोरं बापाला वढून न्यायची, बाप बी मोजायचं.

आबा तावातावानं आलं. "चांगुणाबाई, पोरांना झाडाच्या इरुद्ध शिकवताय व्हय?"

"न्हाई आबा. झाड रस्त्याकडंला लावा, शाळंत लावा. हितं नगं. पडीक दिसतं म्हनून रिकामं नसतं. मी बी एकदा चुकले. घ्या, तुमीच फेका."

"मी? चुंबळ?"

"डोक्यावर घ्या म्हनलं का?"

पोरं खिदळली. आबांनी फेकली आन् बघाया वाकलं, तशी गवतातनं लावरी भुर्रकन तोंडापुढनं उडाली. आबा मागच्या मागं बसलं. पांढऱ्या पायजम्याला कुसळंच कुसळं! चुंबळीच्या बाजूलाच गवताच्या बुडात अंडी व्हती, सात.

 आबा कुसळं येचत बसलं. मग पोरांसंगं आल्याल्या गुरुजींना म्हनलं, "रस्त्याकडंला पाचशे बसतील का वो गुरुजी?"

बसली. उरली ती शाळंत लावली.

बारा खड्डं चांगुणानं पोरांकडनं बुजवून घेतलं. वरनं बी म्हनून कुसळं टाकली, पोरांच्या पायमोज्यातली येचून. तितं अजून लाल माती दिसती. दर शनवारी ती चुंबळ टाकून बघती. काल म्हनली, "धाकटे, सहाव्या खड्ड्यात गवताच्या दोन काड्या निघाल्यात."

मी म्हनलं, "दोनच?"

तर म्हनती, "मोजाया तू आलीस का?"

उद्या जानार हाय मी. तू बी चल.