आठ अक्षरांत दोन भाऊ

छत्तीसगड वेगळं होणार हे ठरलं, त्याच सुमारास आमच्या दोन सरकारी ऑफिसांचं एक झालं आणि सगळे ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात आलो. युनिक्सचं मशीन, म्हणजे ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर, माझ्याकडे. प्रत्येकाला लॉगिनचं नाव द्यायचं, आणि ते इंग्रजी आठ अक्षरांत बसवायचं. नववं अक्षर टाका, मशीन ढिम्म.

किला गेटला राहणारे, ऑफिसातलेच दोघे सख्खे भाऊ तिथेच अडले. त्यांचं आडनावच आठ अक्षरांचं, कोणता भाऊ हे लिहायला जागाच नाही. मी म्हटलं, आडनाव थोडं कापू या, पुढे नावाचं एक अक्षर लावू. थोरले भडकलेच. ह्या आडनावासाठी पूर्वजांनी तलवार गाजवली, आणि मी त्याला कात्री लावणारी कोण? धाकट्यानं तोड काढली, दोघांना एकच लॉगिन. घरी एका ताटात जेवतो, इथे काय बिघडतं! साहेबांनीही मान डोलावली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण माझं ऐकतो कोण?

मग एकाची फाइल दुसऱ्याच्या हातून पुसली जाऊ लागली. दोघे हसायचे. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

पुढे मध्य प्रदेशात राहणार की छत्तीसगडात जाणार याचे विकल्प मागवले, तेही मशीनवरच. थोरल्यांनी ग्वाल्हेर भरलं. आई अंथरुणाला खिळलेली, लग्न दोघांचंही नाही, तिचं सगळं थोरलेच करायचे. धाकट्याला रायपूरला बढती दिसत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं रायपूर भरलं. एका लॉगिनला एकच विकल्प, थोरल्यांचा पुसला गेला. ते मला दिसलं. साहेबांकडे धावले, तर म्हणे, बाद में सुधार लेंगे.

कसलं सुधारतात! आदेश आले, दोघेही रायपूर. धाकटा बढती सोडून राहायला तयार झाला, मी अर्जांवर अर्ज टाइप केले. भोपाळहून उत्तर आलं, विकल्प अंतिम आहे.

आईला एकट्यानं सांगायचा थोरल्यांना धीर होईना, म्हणून मी सोबत गेले. त्यांनी सगळं सांगितलं, लॉगिनपासून. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

"आडनाव पूर्ण बसलं ना रे?" ती म्हणाली. "मग त्या आडनावालाच सांगून जा, रात्री मला कुशीवर वळवायला."