आठ दिवस गप्प

सुभेदार सर गेल्याची बातमी मला कॉलेजच्या सायकल स्टँडवर कळली. स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घराखालचा शिंपी धापा टाकत आला आणि म्हणाला, "भियाजी, मास्साब नहीं रहे." माझ्या पिशवीत त्या वेळी सरांच्या कादंबरीची वही होती. वाचून झालेली, अतिशय आवडलेली. आणि हे सरांना ठाऊक नव्हतं... पाच आठवडे झाले, मला दुसरं काही सुचत नाही.

नियम त्यांचाच. आमच्या मराठी विभागात शनिवारी लेखनाचा वर्ग भरायचा. शिकवणारे आम्ही दोघे, सर आणि त्यांचाच जुना विद्यार्थी मी. कोणी काही लिहून दिलं की वाचायचं आणि आठ दिवस त्यावर चकार शब्द काढायचा नाही. लगेच केलेली वाहवा काय आणि लगेच काढलेली खोड काय, दोन्ही कच्ची, असं सरांचं म्हणणं. एका पोरीने तर रडून मत मागितलं; सरांनी तिला पोहे-जलेबी खिलवली, पण मत दिलं नाही. मी त्यांच्याहून कडक. दुसऱ्याने केलेला नियम जास्तच पाळायचा, हा माझा जुना आजार.

अशा माणसाने वर्षानुवर्षं गुपचूप कादंबरी लिहिली होती, आणि एक दिवस तिची वही माझ्या हातात ठेवली. मध्यप्रदेश झाल्यापासून मराठी शाळांचे वर्ग रोडावत चाललेले, आमची पोरं घरातसुद्धा हिंदीत भांडायची. इंदुरात बसून एवढं मराठी कुणासाठी लिहिलंत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्यासाठी समज ना. एकटा तू बास आहेस, भिया. पण खरं सांग. जमली नसेल तर बंबात घालतो." मला वाटलं, थट्टा. मी हसलो.

वही मी दोन दिवसांत संपवली. संस्थानाची फौज मोडल्यावर घोड्याविना उरलेला एक स्वार आणि इंदुराबाहेरच्या राऊ गावातल्या एका खोलीतलं त्याचं म्हातारपण. वाचताना दोनदा वही मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे चहा सरकवला आणि नुसतं पाहत बसले. मी परीक्षेच्या पेपरांबद्दल बोललो. पाचव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, राऊपर्यंत पोचलास का? मी तीन बोटं दाखवली, अजून तीन दिवस. गुरूची विद्या गुरूला फळली, अशी ऐटही वाटली मला. मूर्खा, एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती का? सहाव्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर वही परत द्यायला गेलो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, ते रोज गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. त्याला आवडली नाही, पोरगं संकोचतंय, हेच म्हणायचे. "मी म्हटलं, विचारा की सरळ. तर म्हणाले, नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?"

माझ्याने वर बघवेना. काकूंनी वही हातात घेतली, उघडली मात्र नाही.

"चांगली आहे का रे?"

मग मी बोलत सुटलो. पहिल्या पानापासून, तो स्वार, त्याचं रिकामं खोगीर, कुठे वही मिटून अंगणात गेलो, सगळं. काकू मधेच उठल्या. सरांच्या खोलीचं दार त्यांनी सताड उघडलं आणि परत येऊन बसल्या.

"जरा मोठ्यानं बोल. त्यांना कमी ऐकू यायचं."

मी आवाज बसेपर्यंत बोललो.