सहाव्या इनिंगच्या समासात

ताकेशीचा फोन आला तेव्हा मी कावासाकीच्या ऑफिसात एक बग रिपोर्ट लिहीत होते. "ओतोसान गेले," एवढंच माझा नवरा म्हणाला. ओतोसान म्हणजे माझे सासरे. इथे वडिलांना असंच म्हणतात. "निघते," मी म्हणाले, अर्धवट रिपोर्ट तसाच सेव्ह केला आणि स्टेशनकडे चालू लागले. पुढचं लिहायला लाज वाटते, पण तेच लिहायला म्हणून आज बसले आहे. स्टेशनच्या जिन्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांचा नव्हता, त्यांच्या वहीचा होता. ती वही आता कुणाच्या हाती पडणार, आणि एप्रिलमधल्या त्या सामन्याच्या पानावर, सहाव्या इनिंगच्या समासात, त्यांनी माझ्याबद्दल काय लिहून ठेवलं असेल, हा तो विचार.

पुण्याहून मी इथे जपानात आले ती एका वर्षाच्या प्रोजेक्टवर. त्या काळात आमच्यासारख्यांची रीघच लागली होती. हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत रविवारी सकाळी मजल्यागणिक कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एका वर्षाची तीन झाली आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताकेशीशी मी लग्न करायचं ठरवलं. त्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा ओतोसान अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत. ओकासान, म्हणजे माझ्या सासूबाई, चहामागून चहा ओतत राहिल्या. त्यांचं नाव फुमिको. पण ओतोसाननी त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, नुसतं "ओई" म्हटलं की त्या यायच्या. शेवटी एकदाचा मला प्रश्न आला, काम काय करतेस? टेस्टरला जपानीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. मी म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि लिहून ठेवते." ओतोसान हसले. चाळीसेक वर्षं त्यांनी एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास की नापास ते ठरवायचं काम केलं होतं. ते उठून आत गेले आणि बेसबॉलची स्कोअरवही घेऊन आले. आमच्या लग्नाला होकार मिळाला तो असा.

बेसबॉलबद्दल तोवर माझं मत क्रिकेटवाल्या कुठल्याही मराठी माणसाचं असतं तेच होतं. बॅट टाकून पळत सुटायचं हा काय खेळ झाला? पण वहीने मला पकडलं. एकेक चेंडू, एकेक धाव, कुठल्या क्षेत्ररक्षकाकडे चेंडू गेला, सगळं बारीक पेन्सिलीने टिपायचं. रविवारी दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोरच्या बुटक्या टेबलाशी बसायचो आणि ते शिकवायचे. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला तर ती त्याची चूक. तिथे एररचा ई लिहायचा. तो फटका म्हणून धरायचा की चूक म्हणून, यावर आमचे वाद रंगायचे, आणि मैदानातल्या फळ्यावर काय लागलं याची ओतोसानना पर्वा नसे. "डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं. मनाला बरं वाटतं ते नाही," असं म्हणत. एकदा एका बॅटरने बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडला आणि सरळ बाद झाला. मला कळेना. मुद्दाम बाद होतो म्हणजे काय? ते म्हणाले, पुढचा गडी पहिल्या बेसवर अडकला होता, त्याला दुसऱ्यावर पोचवायला हा गेला. त्यासाठी एक छोटा चौकोन काढायचा, आणि जो पुढे सरकला त्याच्यासाठी बाण. "हा बाद झाला खरा, पण त्याच्या अपयशात ते मोजत नाहीत." मी म्हणाले, फारच सोयीचा नियम आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं.

त्यांचा संघ कुठला ते लिहीत नाही; तो बहुधा तळाला असतो एवढं पुरे. यंदा मार्चमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना, ओकासान, ताकेशी आणि मला, एका छोट्या खोलीत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला होता. इथल्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे जून-जुलैपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले, आणि हल्ली आम्ही रुग्णाला सांगतो, असंही म्हणाले. ओकासान उठून उभ्या राहिल्या आणि कंबरेत वाकल्या. वाकूनच राहिल्या. "सांगू नका," म्हणाल्या. "हंगाम सुरू होतोय. निदान एप्रिल तरी त्यांचा चांगला जाऊ दे." ताकेशीने मान खाली घातली. मलाही ते नवीन नव्हतं. पुण्यात माझ्या आजोबांनाही आम्ही शेवटपर्यंत काविळीचंच सांगत आलो होतो. ओतोसानना अल्सर झाला असं ठरलं, आणि घरी जाताना ट्रेनमध्ये आम्ही तिघं तो अल्सर पाठ करत होतो.

एप्रिल चांगला जाणं संघाच्या हातात होतं, आणि संघाने आमची पुरती अब्रू घालवली. पहिले तीन सामने हरले, एक कसाबसा जिंकले, पुन्हा ओळीने हरले. रोज दुपारच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, खात असायचे तेव्हा ओतोसानचा फोन यायचा आणि आदल्या दिवशीच्या पराभवाचं शवविच्छेदन सुरू व्हायचं. कॅचर, म्हणजे यांचा विकेटकीपर, भित्रा आहे, सगळे चेंडू बाहेरच मागतो. तिसऱ्या बेसवरच्या पोराचं लक्ष केसांकडे जास्त. चौथ्या क्रमांकावर ज्याला पाठवतात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. मी हसायचे, आणि हसता हसता त्यांच्या आवाजाकडे कान लावून असायचे. आज धाप लागतेय का, वाक्य मध्येच तुटतंय का. त्यांचा सगळ्यात जास्त राग मात्र मॅनेजरवर होता. संघाचा जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पस्तिशी कधीच ओलांडलेला, त्याचा खांदा संपला होता. ते टीव्हीवरूनही दिसायचं. आणि मॅनेजर रोज पेपरात सांगायचा की त्याची तब्येत उत्तम आहे, फक्त लय सापडायची आहे. "खांदा त्याचा आहे, त्याला कळत नसेल का?" ओतोसान म्हणत. "साऱ्या स्टेडियमला कळतं. मग हा कुणासाठी खोटं बोलतो?" मी हातातली ओनिगिरी खाली ठेवायचे. एकदा म्हणाले, "अजून एप्रिल आहे, जूनपर्यंत थांबा, म्हणतो. थांबायला वेळ आहे कुणाकडे?" मी पटकन विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, "त्या पिचरकडे."

एप्रिलच्या शेवटी सुट्ट्या लागल्या आणि ओतोसाननी सामन्याला जायचा हट्ट धरला. ताकेशीला काम होतं, ओकासानना गर्दी झेपत नाही, म्हणून मी गेले. मे उजाडायच्या आधीच त्यांची पँट पट्ट्यात गोळा होऊ लागली होती. कॅचरच्या मागे, वरच्या रांगेत, दुपारच्या उन्हात आम्ही बसलो; त्यांच्या मांडीवर वही, माझ्या हातात थर्मास. नेमका तोच जुना पिचर होता. पाच इनिंग त्याने कशाबशा काढल्या. सहाव्यात तिन्ही बेस भरले आणि मॅनेजर मैदानात आला. दोघं काहीतरी बोलले, मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला तिथेच ठेवून परत फिरला. ओतोसानच्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं. डोळे मैदानावरून न हलवता ते म्हणाले, "मीनारु-सान, माझ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले?" मीनल हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. मी म्हणाले, कशाबद्दल? "त्या दोघांना मी विचारणार नाही. त्यांना खोटं बोलायला लावणं मला जमणार नाही. तू टेस्टर आहेस... तू सांग."

मला वाटतं त्या वेळी मी काहीच न बोलता बसले असते तरी चाललं असतं. ते समजून गेले असते आणि ती शांतता आमच्या दोघांतच राहिली असती. पण मला डॉक्टरांची ती खोली दिसत होती, आणि वाकून उभ्या असलेल्या ओकासान दिसत होत्या. यांना खरं कळलं, तर घरी गेल्यावर यांच्या चेहऱ्यावरून ओकासानना कळणार. मग रोज सकाळी मिसो सूपचा वाडगा पुढे करताना त्या कुठे बघतील? ही सगळी कारणं मला तेव्हाच सुचली की नंतर मी ती रचली, हे आता सांगता येत नाही. मी म्हणाले, "अल्सरच आहे, ओतोसान. ऑगस्टपर्यंत बरं वाटेल म्हणाले." आवाज अगदी व्यवस्थित लागला. ते "असं होय" म्हणाले. आणि मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पिचरने अजून चेंडू टाकला नव्हता. मैदानात काहीही घडलेलं नव्हतं, आणि त्यांची पेन्सिल समासात हलत होती. मी वळून पाहिलं नाही. पुढच्याच चेंडूवर फटका बसला, दोन धावा गेल्या, आणि तेव्हा कुठे मॅनेजरला त्या पिचरला बाहेर काढायचं सुचलं.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. फोन येत राहिले, मग दोन दिवसांआड, मग मीच करू लागले. हॉस्पिटलच्या खाटेवरही ते रेडिओ ऐकत टिपणं करत, आणि मी उशाशी बसले की वही मिटून उशीखाली सारत. माझ्यापासून लपवतात, एवढं मला कळत होतं. चाळीस वर्षं नापास मालावर खूण केलेला माणूस, त्याला माझी खोट ऐकताक्षणी कळली असणार. एक ई, आणि पुढे माझं नाव. मी ते पान न बघताही वाचू शकत होते. शेवटच्या आठवड्यात दोनदा मी खरं सांगायचं ठरवून गेले. एकदा ओकासान तिथे बसल्या होत्या. दुसऱ्यांदा ओतोसान झोपले होते, आणि त्यांना उठवायचा धीर मला झाला नाही. जूनमध्ये ते गेले. संघ तळालाच होता.

इथे एकोणपन्नासाव्या दिवशी विधी करतात. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर ओकासाननी कापडात बांधलेली वही माझ्या हातात दिली. "तुलाच द्यायला सांगितलं होतं," म्हणाल्या. मी ती घरी आणून कपाटात स्वेटरांखाली ठेवली. दहा-बारा दिवस तशीच होती. ऑफिसात दुसऱ्यांचे बग धडाधड नोंदवत होते आणि स्वतःचा उघडून बघायची हिंमत नव्हती. ताकेशीला हे काहीच माहीत नव्हतं. अखेर गेल्या रविवारी मी वही बॅगेत घातली आणि एकटीच सासरी गेले. काय लिहिलं असेल ते असो, ओकासानसमोर वाचायचं, असं ठरवून.

बुटक्या टेबलाशी बसून मी पान काढलं. सहावी इनिंग. समासात काताकाना लिपीत माझं नाव होतं, मी-ना-रु. त्याच्यापुढे ई नव्हता. एक छोटा चौकोन होता, पट्टीने काढावा तसा नेटका. त्याखाली दुसरं नाव होतं, फुमिको, आणि त्या नावापासून पुढे जाणारा एक बाण... ओकासान शेजारी येऊन टेकल्या. स्वतःचं नाव ओतोसानच्या अक्षरात बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे काय आहे?" मग मी सगळं सांगितलं. स्टेडियममध्ये ओतोसाननी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, चौकोन कशासाठी काढतात, बाण कशासाठी. सांगताना मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. ओकासाननी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि आपल्याला काही माहीत नाही, असंच त्यांनी मला वाटू दिलं."

त्या चौकोनाशी माझं एकमत झालेलं नाही, हे ओतोसानना सांगायचं राहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर मी ई लिहिला असता. सोयीचा नियम आहे, असं मी आधीच म्हटलं होतं. आम्ही अशा वादांवर अख्खी दुपार काढली असती, आणि त्यांनी आपलं लिहिलेलं बदललं नसतं.

दोन वाजता सामना होता. ओकासाननी टीव्ही लावला आणि ड्रॉवरमधून ओतोसानची पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली. वहीत कोरी पानं बरीच आहेत. मी नवीन पान उघडून लिहायला लागले. तिसऱ्या बेसवरच्या त्या केसवाल्या पोराने दुसऱ्याच इनिंगमध्ये चेंडू सोडला, फळ्यावर फटका म्हणून लागलं, मी ई लिहिला. सातव्यात आमच्या एका बॅटरने बॅट आडवी धरली, चेंडू पायाशी पाडला आणि बाद झाला. पुढचा गडी दुसऱ्या बेसवर पोचला. मी पेन्सिल टेकवली आणि मला पुढे काही काढता येईना. ओकासान टीव्हीकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, वही स्वतःकडे ओढली आणि त्यांनी तो चौकोन काढला. एका बाजूला जरा कलला. मग खाली बाणही काढला.