पाय कुणीकडं करायचे

सुप्याच्या रानात सागाचा एक ओंडका उतारावरून घरंगळत आला आणि माझ्या उजव्या पायावर येऊन थांबला. लाकूडतोडीच्या टोळीत तेव्हा माझ्यासारखा धडधाकट गडी दुसरा नव्हता, असं मीच सगळ्यांना सांगत असे. बेळगावच्या दवाखान्यात पायाची दोन बोटं काढली, आतली मोडलेली हाडं जागेवर बसवली आणि जखम शिवून मला घरी पाठवलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "रात्री पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. खाली सोडलास तर सूज चढेल. जखम सडली तर घोट्याच्या वरून कापावा लागेल." मी मान डोलावली. पाय उशीवर ठेवायचा, यात अवघड ते काय, असं मनात म्हणालो. लोंढ्यापर्यंत आगगाडी आणि पुढं गवत अंथरलेली बैलगाडी, असा मी घरी आलो.

घरात आम्ही दोघंच. बाप मी लहान असतानाच गेला होता आणि माझं लग्न व्हायचं होतं. आई आणि मी, गवतानं शाकारलेली एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत वाघाचं भय, म्हणून निजायचं ते खोलीतच. पहिल्या संध्याकाळी मी चटई पसरायला सांगितली, भाताच्या पेंढ्याची जाड गुंडाळी करून पायथ्याला ठेवायला सांगितली, आणि तिथंच आमचं घोडं अडलं.

एका भिंतीला देव होते. मातीच्या बुटक्या ओट्यावर नारळ आणि दोन टाक, म्हणजे गुंडाळीवर ठेवलेला पाय नेमका त्यांच्या तोंडासमोर येणार. "देवाकडं पाय? अन् त्येबी उचलून?" आई म्हणाली. "न्हाई व्हायचं."

"मग दाराकडं करू."

"दाराकडं मढ्याचं पाय करत्यात."

"चुलीकडं?"

"आग्नीला लाथ मारतोस व्हय?"

राहिली चौथी भिंत. तिथं भाताची कणगी होती. कणगीत लक्ष्मी, तिच्याकडं पाय केले तर दाणा घरात टिकायचा नाही. "मग मला छपराला उलटा टांग," मी म्हटलं. ती हसली नाही. बराच वेळ ती खोलीच्या मध्ये उभी राहून चारी भिंतींकडं बघत होती. शेवटी तिनं चटई तिरकी टाकली, पाय देव आणि कोपरा यांच्या मध्ये येतील अशी, आणि देवांपुढं एक जुनं लुगडं टांगलं. मला वाटलं, मिटलं.

जखमेला घोंगडी टेकली तरी जीव जायचा. म्हणून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं मी पायावर पालथं घालायला लावलं आणि घोंगडी त्यावरून. थंडी अशी की पहाटे धुकं दारातून आत यायचं. दवाखान्यातून झोपेच्या पुड्या दिल्या होत्या. पुडी घेतली की डोळा लागायचा, पण मधेच कधीतरी ठसठशीनं जाग यायची. पाय पेटल्यासारखा व्हायचा आणि नाडी थेट टाचेत उडायची. दिवसा दुखत नव्हतं असं नाही. पण दिवसा कुणी डोकावतं, विचारतं, गाईगुरं हंबरतात, दुखणं जरा वाटलं जातं. रात्री सगळं एकट्याच्या वाट्याला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मी मांडीला चिमटे काढायचो, एका कळेतून दुसऱ्या कळेत जीव पळावा म्हणून. तोंडात तंबाखू धरून ठेवायचो. घोंगडीची दशी दातांत चावायचो. कशाचा काही उपयोग नव्हता.

आणि दर वेळी जाग आली की पाय चटईवर असायचा. गुंडाळी बाजूला, पाय खाली. झोपेत मीच लाथाडतो, असं मी धरून चाललो आणि स्वतःला शिव्या घातल्या. मग आईला म्हटलं, धोतराची चिंधी घे आणि पाय गुंडाळीला बांध. तिनं बांधला, गाठ मारली, मला दाखवलीसुद्धा. सकाळी गाठ सुटलेली. पट्टी ओली व्हायला लागली होती. पाय जाणार ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा खरीखुरी वाटली. कुऱ्हाड चालवायला दोन पाय लागतात, चढ चढायला दोन लागतात. एका पायाच्या माणसाला आमच्या डोंगरात कुणी मुलगी देत नाही. हे मला माहीत होतं आणि आईलाही.

पुड्या संपल्या त्या रात्री मी नुसता डोळे मिटून पडलो होतो. आई उठली. मला वाटलं चुलीतला विस्तव बघायला. ती माझ्या पायथ्याशी आली, डालगं उचलून बाजूला ठेवलं, अंधारातच गाठ सोडली आणि माझा पाय दोन्ही हातांत घेतला. इतक्या हलक्या हातानं दवाखान्यातही कुणी धरला नव्हता. तसाच सावकाश खाली ठेवला. मग लुगड्याच्या पडद्याकडं वळून तिनं स्वतःचे कान धरले.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. "माजा पाय खायाचा हाय काय तुला?" हे एक आठवतं.

"तुज्यासाठीच की रं लेका," ती म्हणाली. "दोन बोटं घेतली देवानं. उंच पाय बगून आनकी कोपला तर?"

म्हणजे रोज रात्री, मी झोपेपर्यंत ती जागी राहायची आणि मी झोपलो की पाय उतरवायची. मला त्रास नको म्हणून माझ्यासमोर करत नव्हती. मी तिला देवाचीच आण घालून वचन द्यायला लावलं की पुन्हा हात लावणार नाही. तिनं वचन पाळलं. त्यानंतर पाय रात्रभर वर राहिला आणि ती रात्रभर त्याच्याकडं बघत बसली. मला झोप नाही, तिला झोप नाही. दुखणं माझं एकट्याचं होतं, ते आता दोघांचं झालं, आणि तरी माझं तसूभर कमी झालं नाही.

मग एका सकाळी डालगं उचललं तर वास आला. पट्टीच्या वर कातडी काळी पडली होती.

पुन्हा बैलगाडी, पुन्हा लोंढा. वाट दगडांची, गाडी प्रत्येक चाकोरीत आदळायची. आईनं माझा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि लोंढा येईपर्यंत दोन्ही हातांनी आवळून धरला. पू तिच्या लुगड्यावर ओघळत होता.

घोट्याच्या वरून कापला. मी डॉक्टरांना विचारलं की पाय खाली राहिला म्हणूनच हे झालं का. ते म्हणाले, खाली राहणं वाईटच, पण आत घाण राहिली असेल तरी असंच होतं, सांगता येत नाही. त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, तिनं खाली ठेवला म्हणून पाय गेला. तिला वाटत होतं, मी तिला खाली ठेवू दिला नाही म्हणून गेला. तिनं खाली ठेवायचं सोडलं त्यानंतरच तो काळा पडला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी आलो ते हे दोन हिशेब घेऊन. आम्ही एका चुलीवरचं जेवत होतो आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

आणि दुखणं गेलं नाही. पाय गेला, पण रात्री त्याचा अंगठा दुखायचा, टाच पेटायची. असलं दुखणं कुणाला सांगणार? लोक म्हणतील, याचं डोकंही कापायला हवं होतं. मी उशीत तोंड खुपसून सोसत असे.

एका रात्री माझ्या तोंडून आवाज गेलाच. आई उठून बसली. "कुठं दुकतंय?"

"अंगठ्यात," मी म्हणालो. बोलून गेलो, मग कळलं.

तिनं तेलाची वाटी चुलीच्या उबेला धरली, माझ्या पायथ्याशी येऊन बसली, तेलात बोटं बुडवली. पुढं हात कुठं न्यायचा ते तिला कळेना. तेल चटईवर ठिबकत राहिलं. मग ती म्हणाली, "खरं सांग. मी खाली ठेवला म्हनून गेला व्हय रं?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं, धार लावून ठेवलेलं.

"ओंडक्यानं गेला, आये," मी म्हणालो. "तिथंच गेला हुता."

"व्हय," ती म्हणाली. तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. तेलाचे हात तिनं स्वतःच्याच तोंडावर पालथे धरले आणि रडायला लागली.